आधी ठसा, मग कायदा

केनियाच्या ईशान्येला गारिसा नावाचा जिल्हा आहे. सोमालियाची सरहद्द जवळ, पाऊस बेभरवशाचा. बहुतेक लोक उंट, गाई, शेळ्या पाळून जगतात आणि सोमाली बोलतात. पण देश त्यांचा केनिया. १९९१ मध्ये सोमालियातलं सरकार कोसळलं तेव्हा तिथून पळून आलेल्या निर्वासितांसाठी याच जिल्ह्यात, दादाब इथे, छावण्या उभ्या राहिल्या. छावणीत धान्य मिळायचं, दवाखाना होता, शाळा होती. आसपासच्या केनियन वस्त्यांना मात्र यातलं फारसं काही मिळत नव्हतं. दुष्काळात जनावरं मेली की या वस्त्यांमधली माणसंही छावणीत जायची. निर्वासित म्हणून नाव लावायची, पोराबाळांची नावं लावायची, बोटांचे ठसे द्यायची आणि धान्य घेऊन परत यायची.

पोरं मोठी झाली. अठराव्या वर्षी राष्ट्रीय ओळखपत्रासाठी सरकारी कचेरीत गेली. जन्माचा दाखला आहे, आईबापांची ओळखपत्रं आहेत, गावचा मुखिया ओळखतो. पण अर्जदाराचे ठसे निर्वासितांच्या नोंदींशी ताडून पाहिले जातात, आणि तिथे ते जुळतात. अर्ज तिथेच थांबतो. शाळकरी वयात, कदाचित आईचं बोट धरून, एका पोत्याभर धान्यासाठी दिलेला ठसा आता सांगतो की तू या देशाचा नाहीस.

केनियात ओळखपत्राशिवाय फोनचं सिमकार्ड नावावर होत नाही. सिमकार्ड नाही तर एम-पेसा नाही, आणि २००७ मध्ये सुरू झालेल्या या फोनवरच्या पैसेसेवेवर त्या देशातले रोजचे व्यवहार, भाजीपाल्यापासून शाळेच्या फीपर्यंत, चालतात. बँकेत खातं उघडत नाही, नोकरीचा अर्ज पुढे सरकत नाही. गारिसाहून नैरोबीला जाणाऱ्या रस्त्यावर पोलिसांची नाकी आहेत, तिथे बसमधून उतरवून कार्ड मागतात. अशा दुहेरी नोंदीत अडकलेल्यांची संख्या चाळीस हजारांच्या घरात असावी, असा तिथल्या कायदेविषयक संस्थांचा अंदाज आहे.

या गोष्टीत अजून कृत्रिम बुद्धिमत्ता आलेली नाही. ठसे ताडून पाहणारी एक संगणकीय यंत्रणा आहे, इतकंच. तरीही आफ्रिकेतल्या एआयबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच करावी असं मला ठामपणे वाटतं. एआयच्या नैतिकतेवर परिषदा भरतात तेव्हा यंत्र पक्षपाती आहे का, यंत्र चुकतं का, यावर पुष्कळ बोललं जातं. गारिसातलं यंत्र चुकलं नव्हतं, ठसे खरोखरच त्या मुलाचे होते. अन्याय घडला तो त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर: माहिती एका कारणासाठी घेतली, दुसऱ्याच कारणासाठी वापरली, आणि ती मागे घ्यायची वाटच ठेवली नाही. आज ज्या डेटावर नवी यंत्रं पोसली जातात त्यातला बराचसा याच रीतीने गोळा झालेला आहे.

*

२०१८ च्या अखेरीला केनियाच्या संसदेने ‘संकीर्ण दुरुस्त्यां’चा एक कायदा मंजूर केला. अशा कायद्यात साधारणपणे इकडचा शब्द, तिकडचं कलम असली डागडुजी असते. त्याच्या पोटात व्यक्तिनोंदणीच्या जुन्या कायद्यातली एक दुरुस्ती होती. तिने देशातल्या प्रत्येकाची माहिती एका मध्यवर्ती यंत्रणेत आणायचं ठरवलं. शरीराची कोणकोणती माहिती घेता येईल, त्याची यादी कायद्यात दिली होती: बोटांचे ठसे, हाताची ठेवण, कानाच्या पाळीची ठेवण, डोळ्याचा पडदा आणि बुबुळ, आवाजाच्या लहरी, आणि डीएनए. शिवाय घराचं उपग्रहावरून मोजलेलं नेमकं ठिकाण. या योजनेतून मिळणाऱ्या क्रमांकाला ‘हुदुमा नंबा’, म्हणजे सेवा क्रमांक, असं स्वाहिली नाव दिलं. तोपर्यंत केनियात माहितीच्या संरक्षणाचा कायदा अस्तित्वात नव्हता.

विरोधात कोर्टात गेले ते नुबी समाजाचे लोक. ब्रिटिशांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी सुदानमधून आणलेल्या सैनिकांचे हे वंशज. नैरोबीतल्या किबेरामध्ये त्यांना वसवलं गेलं, आणि तेव्हापासून ते तिथेच आहेत. तरीही अठराव्या वर्षी ओळखपत्र मागायला गेलेल्या नुबी मुलाला किंवा मुलीला एका छाननी समितीपुढे उभं राहावं लागे. आजोबा-आजींचे कागद आणा, वडीलधाऱ्यांची साक्ष आणा. शेजारच्या किकुयू समाजाच्या मुलाला यातलं काहीच लागत नसे. नुबियन राइट्स फोरमचं म्हणणं सरळ होतं: ज्या नोंदणीतून आम्ही आधीच गाळले जातो, तिच्याच पायावर तुम्ही नवी, सर्व सेवांची किल्ली असणारी यंत्रणा उभारणार असाल, तर आमचं गाळलं जाणं कायमचं होईल. त्यांच्यासोबत केनिया मानवी हक्क आयोग नावाची स्वयंसेवी संस्था होती आणि घटनेने स्थापन केलेला सरकारी मानवी हक्क आयोगही होता.

१ एप्रिल २०१९ रोजी उच्च न्यायालयाने अंतरिम हुकूम दिला. डीएनए घ्यायचं नाही, घराचं ठिकाण मोजायचं नाही, सक्ती करायची नाही, नोंदणी नाही म्हणून सेवा अडवायची नाही. पण नोंदणी थांबवली नाही. पुढच्या दोनेक महिन्यांत सुमारे पावणेचार कोटी लोकांनी नावं नोंदवली. त्या वर्षीच्या जनगणनेत देशाची लोकसंख्या पावणेपाच कोटींच्या आसपास होती. सक्ती नाही असं कोर्टाने सांगितलं होतं खरं, पण उद्या दवाखान्यात विचारलं तर, पोराच्या शाळेत मागितलं तर, ही धास्ती कोर्टाच्या कागदाने जात नाही. ती आपल्या ओळखीची आहे.

इथे आपला संबंध खराखुरा येतो. भारतातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिलं गेलं. पुढे हेच आधार जगभरच्या सरकारांपुढे नमुना म्हणून ठेवलं गेलं. बंगळुरूच्या आयआयआयटीमध्ये तयार झालेली ‘मोसिप’ ही ओळखयंत्रणेची मुक्त संगणकप्रणाली आज इथिओपिया आणि मोरोक्कोच्या राष्ट्रीय ओळखयोजनांत वापरली जाते. भारताने फक्त यंत्र पाठवलं असं मात्र नाही. त्यावरचा वादही पाठवला. २०१७ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं, आणि २०१८ मध्ये आधारचा निकाल बहुमताने योजनेच्या बाजूने लागला तेव्हा न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी वेगळं, विरोधी निकालपत्र लिहिलं. जमैकाच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये त्याच विरोधी निकालपत्राचा आधार घेऊन आपल्या देशाचा ओळख कायदा रद्द केला. भारताचे आणि जमैकाचे दोन्ही निकाल नैरोबीच्या खंडपीठापुढे होते. नंदुरबारच्या डोंगरात सुरू झालेल्या गोष्टीचा जाब किबेराच्या लोकांनी मागितला, असं म्हणायला हरकत नाही.

३० जानेवारी २०२० रोजी न्यायमूर्ती पॉलिन न्यामवेया, मुंबी न्गुगी आणि वेल्डन कोरिर यांनी निकाल दिला. डीएनए आणि घराच्या ठिकाणाची तरतूद घटनाबाह्य ठरली. बाकीची योजना त्यांनी मोडीत काढली नाही, पण पुरेशी आणि सर्वंकष नियमावली केल्याशिवाय ती पुढे नेता येणार नाही असं बजावलं. काही समाज यातून वगळले जाण्याचा धोका आहे, हे न्यायमूर्तींनी मान्य केलं. तेवढ्या कारणावरून योजना रद्द करायला ते तयार झाले नाहीत. नुबी लोकांच्या दृष्टीने हा अर्धाच निकाल होता, आणि मला तो अपुरा वाटतो. ज्यांच्या तक्रारीतून खटला उभा राहिला, त्यांच्या मूळ प्रश्नाला उत्तर मिळालं नाही.

मधल्या काळात, खटला चालू असताना, नोव्हेंबर २०१९ मध्ये केनियाने माहिती संरक्षण कायदा केला होता. त्याच्या ३१ व्या कलमात एक साधी अट आहे. लोकांच्या हक्कांना मोठा धोका पोचेल अशा रीतीने माहिती वापरायची असेल, तर आधी त्या धोक्याचं मूल्यमापन करा: काय बिघडू शकतं, कोणाचं बिघडेल, ते टाळायला काय कराल. सरकारने कार्डं छापायला घेतली, पण हे मूल्यमापन केलंच नव्हतं. कातिबा इन्स्टिट्यूट ही संस्था आणि घटनातज्ज्ञ यश पाल घई याविरुद्ध कोर्टात गेले. घई केनियात जन्मलेले, पंजाबी वंशाचे. केनियाच्या नव्या घटनेची पूर्वतयारी करणाऱ्या आयोगाचे ते अध्यक्ष होते. सरकारचं उत्तर होतं की माहिती गोळा केली तेव्हा हा कायदाच नव्हता. १४ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यायमूर्ती जायरस न्गाह यांनी ते फेटाळलं. खासगीपणाचा हक्क २०१० च्या घटनेने दिलेला आहे, कायदा फक्त त्याची अंमलबजावणी करतो, म्हणून तो मागच्या नोंदणीलाही लागू होतो, असं त्यांनी ठरवलं. कार्डांचं वाटप बेकायदा ठरलं.

या निकालाने आफ्रिकेतल्या माहितीच्या राजकारणाला एक क्रम शिकवला: आधी परीक्षा, मग नोंदणी. नैतिकतेच्या जाहीरनाम्यांना जे जमलं नाही ते एका रुक्ष प्रशासकीय कलमाने केलं.

सरकारं अर्थात थकत नाहीत. २०२२ मध्ये सत्तेवर आलेल्या विल्यम रूटो यांनी हुदुमा नंबा बाजूला ठेवला आणि ‘मैशा नंबा’ आणला. तोही कोर्टात गेला. स्थगित्या आल्या, उठल्या, आणि कार्डं निघू लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये रूटो यांनी वजीर इथे जाऊन सरहद्दीवरच्या जिल्ह्यांतली ओळखपत्राआधीची जादा छाननी रद्द केल्याचं जाहीर केलं. गारिसा, वजीर, मांडेराच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या मागितलेली ही गोष्ट होती.

*

सरकारपुरतं हे असं. पण केनियातल्या माणसाची माहिती सरकारपेक्षा खासगी कंपन्यांकडे जास्त जाते, आणि तिथे संमतीचा अर्थ आणखी पातळ होतो.

फोनवरून तासाभरात कर्ज देणारी ॲप्स नैरोबीत दहा वर्षांपूर्वी आली. पगाराची पावती नाही, तारण नाही, अशा माणसाला कर्ज द्यायचं तर त्याची पत कशी ठरवणार? ॲपने फोनच उघडायचा. कोणाला किती वेळा फोन केला, एम-पेसाचे निरोप काय आले, संपर्कयादीत किती नावं आहेत, हे सगळं गणितात टाकून माणसाची पत काढायची. बोडा-बोडा, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, चालवणाऱ्या पोराला, भाजी विकणाऱ्या बाईला बँकेने कधी दारात उभं केलं नव्हतं. त्यांच्या हातात पहिल्यांदा भांडवल आलं, हेही खरं आहे आणि ते विसरून चालणार नाही. पण हप्ता चुकला की वसुलीवाले संपर्कयादीतल्या लोकांना फोन करू लागले. आईला, चर्चमधल्या ओळखीच्यांना, कामावरच्या साहेबाला. आपल्याकडेही हेच घडलं, पुण्या-मुंबईत लोकांनी यापायी जीव गमावले. म्हणून २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्ज-ॲप्सना फोनमधल्या संपर्कयादीला हात लावायला मनाई केली. त्याच वर्षी केनियाच्या मध्यवर्ती बँकेने डिजिटल कर्जदात्यांसाठी परवाना सक्तीचा केला.

यातली मेख अशी की कर्जदाराने संमती दिलेली असते. त्याने बटण दाबलेलं असतं. पण संपर्कयादीतल्या तीनशे माणसांना कोणी विचारलं होतं? एकाच्या संमतीने तीनशेंची माहिती गेली. डीएनएचंही तेच, एका माणसाचं डीएनए कधीच एकट्याचं नसतं, त्यात भाऊ, चुलते, पुढची मुलं सगळे आले. जगातले बहुतेक माहिती कायदे, केनियाचाही त्यात आला, एकट्या माणसाला समोर ठेवून लिहिलेले आहेत. अभ्यासक सबेलो म्हलांबी यांनी २०२० मध्ये हार्वर्डच्या मानवी हक्क केंद्रासाठी लिहिलेल्या निबंधात नेमकं याच ठिकाणी बोट ठेवलं. दक्षिण आफ्रिकेतल्या उबुंटू विचारात माणूस इतरांशी असलेल्या नात्यांतून माणूस होतो. म्हणून यंत्राने केलेली इजाही नात्यांच्या मापाने मोजली पाहिजे, असा त्यांचा मुद्दा आहे. उबुंटू हा शब्द आता परिषदांच्या फलकांवर शोभेला लावला जातो. म्हलांबींच्या हातात तो कामाचं अवजार आहे, कारण संपर्कयादीतल्या त्या तीनशे माणसांचा प्रश्न तो विचारात घेतो.

केनियात माहिती संरक्षण आयुक्तांचं कार्यालय नोव्हेंबर २०२० मध्ये इमॅक्युलेट कसायट यांच्या हाताखाली सुरू झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये या कार्यालयाने एकाच दिवशी तीन दंड ठोठावले. एका कर्ज-ॲप कंपनीला, लोकांच्या संपर्कयादीतून मिळवलेल्या नंबरांवर धमकावणारे निरोप पाठवल्याबद्दल, २९ लाख ७५ हजार शिलिंग. नैरोबीतल्या एका नाइटक्लबला, न विचारता गिऱ्हाइकाचा फोटो समाजमाध्यमावर टाकल्याबद्दल, साडेअठरा लाख. आणि एका शाळेला, पालकांच्या परवानगीशिवाय लहान मुलांचे फोटो प्रसिद्ध केल्याबद्दल, ४५ लाख ५० हजार. सर्वांत मोठा दंड शाळेला झाला. पोरांच्या फोटोंची किंमत वसुलीवाल्यांच्या धमक्यांपेक्षा जास्त धरली गेली. मला हे योग्य वाटतं, कारण त्या पोरांना नाही म्हणायचा अधिकार असतो हेही अजून ठाऊक नव्हतं.

*

त्याच वर्षी, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, नैरोबीच्या केनियाट्टा आंतरराष्ट्रीय सभागृहाच्या आवारात रांगा लागल्या. चेंडूएवढं एक चकचकीत चांदीच्या रंगाचं यंत्र डोळ्यांसमोर धरलं जायचं, ते बुबुळांचं चित्र टिपायचं, आणि बदल्यात ‘वर्ल्डकॉइन’ या आभासी चलनाची २५ नाणी फोनवर जमा व्हायची. त्यांचे सुमारे सात हजार शिलिंग येत. केनियात रोजंदारीवर राबणाऱ्याला एवढे पैसे मिळवायला कित्येक दिवस लागतात. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी उभी केलेली ही योजना. एआयच्या युगात समोरचा माणूस आहे की यंत्र हे ओळखायला प्रत्येकाच्या बुबुळाची नोंद हवी, हे तिचं समर्थन. ज्या तंत्रज्ञानाने खऱ्या-खोट्याची पंचाईत केली, त्याच घरातून त्यावरचा उपाय विकायला आला होता, आणि त्याची पहिली किंमत नैरोबीच्या बेरोजगार पोरांच्या डोळ्यांनी मोजली जात होती.

साडेतीन लाखांहून अधिक केनियन लोकांनी बुबुळं दिली. गर्दी आवरेना, तेव्हा २ ऑगस्टला सरकारने काम थांबवलं, संसदेने चौकशी समिती नेमली. कातिबा इन्स्टिट्यूट पुन्हा कोर्टात उभी राहिली. ५ मे २०२५ रोजी न्यायमूर्ती रोझलिन अबुरिली यांनी निकाल दिला: धोक्याचं मूल्यमापन केलं नव्हतं, आणि नाण्यांचं आमिष दाखवून घेतलेली संमती ही कायद्याने संमती होत नाही. गोळा केलेली शारीरिक माहिती सात दिवसांत, आयुक्तांच्या देखरेखीखाली, कायमची पुसून टाका.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतल्या किती जणांनी सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा उठवला होता! तो अंगठा खरा होता, कोणी हात धरून जबरदस्तीने लावलेला नव्हता, आणि तरीही तो करार नव्हता. घरात दाणा नसताना घेतलेला तो अंगठा होता. नैरोबीच्या न्यायमूर्तींनी बुबुळाच्या बाबतीत हेच ओळखलं. भुकेल्या माणसाचं ‘हो’ हे विकत घेतलेलं ‘हो’ असतं, हे एआय कंपनीच्या संदर्भात इतक्या स्पष्टपणे सांगणारे निकाल जगात फार नाहीत, आणि म्हणून तो मराठी वाचकांनीही लक्षात ठेवावा असं मला वाटतं.

*

खंडाच्या पातळीवर कागद पुष्कळ झाले. आफ्रिकी संघाने २०१४ मध्ये मलाबो इथे संमत केलेला सायबर सुरक्षा आणि माहिती संरक्षणाचा करार पुरेशा देशांच्या मंजुरीअभावी तब्बल नऊ वर्षं पडून होता. तो जून २०२३ मध्ये अमलात आला. जुलै २०२४ मध्ये संघाने एआयचं खंडव्यापी धोरण स्वीकारलं. यांचं महत्त्व मी नाकारत नाही. पण यंत्र कोणाच्या मापाने शिवलं जातं हे कागदांपेक्षा लोकांच्या कामातून अधिक कळतं.

२०१८ मध्ये घानाच्या कुटुंबातल्या जॉय बुओलामविनी आणि इथिओपियात वाढलेल्या टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या व्यापारी प्रणाली तपासल्या. त्यासाठी त्यांनी रवांडा, सेनेगल, दक्षिण आफ्रिका आणि युरोपातल्या तीन उत्तरेकडच्या देशांच्या खासदारांचे १,२७० फोटो जमवले. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत सर्वांत वाईट चूक १ टक्क्याच्याही आत होती; काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. रवांडाच्या संसदेत निम्म्याहून जास्त स्त्रिया आहेत. त्या संसदेतल्या बायका यंत्राला धड ओळखता येत नव्हत्या.

भाषांचं तसंच. आफ्रिकेत दोन हजारांच्या वर भाषा बोलल्या जातात, आणि संगणकाला त्यातल्या मोजक्याच कळतात. २०१९ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘मसाखाने’ या संशोधकांच्या गोतावळ्याने हे काम स्वतःच्या हातात घेतलं. नायजेरियातला कोणी इग्बो वाक्यांवर खुणा करतो, केनियातली कोणी लुओवर, सेनेगलमधला कोणी वोलोफवर. त्यातले काही संगणकशास्त्रातले पदवीधर, काही नुसते भाषेवर प्रेम करणारे. आपापल्या भाषेतली नावं, गावं, संस्था ओळखणारा माहितीसंच त्यांनी दहा भाषांसाठी तयार केला. रवांडात स्वयंसेवकांनी किन्यारवांडात दोन हजारांवर तास वाक्यं वाचून दिली आणि मोझिलाच्या सार्वजनिक आवाजसंग्रहात ती भाषा जगातल्या मोठमोठ्या भाषांच्या बरोबरीने जाऊन बसली. महाराष्ट्रापेक्षा कितीतरी लहान देशाने हे केलं, हे वाचून मराठी माणसाला हेवा वाटावा.

मात्र सगळं खुलं करून टाकलं की ते पहिल्यांदा उचलतो तो ज्याच्याकडे सर्वांत मोठे संगणक आहेत तो. अनुवाद एका नायजेरियन शिक्षिकेने फुकट केलेला असतो, आणि तिच्याच देशाला तो परत विकत घ्यावा लागतो. म्हणून प्रिटोरिया विद्यापीठातल्या कायद्याच्या अभ्यासकांनी ‘न्वुलिते ओबोदो’ हा वेगळ्या जातीचा परवाना तयार केला. आफ्रिकेतल्या आणि इतर विकसनशील देशांतल्या लोकांना माहिती सढळ हाताने वापरता येते. श्रीमंत देशांतल्या कंपन्यांनी मात्र ती दिलेल्या समाजाला काही ना काही परतावा द्यायचा. जोहान्सबर्गच्या लेलापा एआय या कंपनीने २०२५ मध्ये झोसा भाषेच्या सुमारे दहा तासांच्या ध्वनिसंचासाठी अशीच रचना केली: बाहेरच्यांनी भरलेल्या परवानाशुल्कातून त्याच भाषेतलं पुढचं काम करायचं. दहा तास म्हणजे अगदीच थोडं, आणि कंपन्या असे परवाने पाळतील की बगल देतील याची मला शंका आहे. पण आवाज ज्याचा त्याला वाटा, ही अट कोणीतरी कायद्याच्या भाषेत लिहून ठेवली.

*

राहिले ते या यंत्रांना शिकवणारे हात.

नैरोबीत सामा नावाच्या कंपनीत ओपनएआयसाठी २०२१ च्या अखेरीला एक काम सुरू झालं. चॅटजीपीटीच्या तोंडी घाणेरडं येऊ नये म्हणून त्याला घाण ओळखायला शिकवायचं होतं. त्यासाठी इंटरनेटवरचे बालकांवरच्या अत्याचारांचे, खुनाचे, छळाचे उतारे वाचून त्यांवर खुणा करायच्या. ‘टाइम’ने जानेवारी २०२३ मध्ये हे उघडकीला आणलं. नऊ तासांच्या पाळीत दीडशे ते अडीचशे उतारे वाचावे लागत असं कामगारांनी सांगितलं; कंपनीने हा आकडा सत्तर सांगितला. हातात पडणारी मजुरी तासाला १.३२ ते २ डॉलर. करारात ओपनएआय सामाला तासाला साडेबारा डॉलर देणार होतं. आज आपण जे सभ्य उत्तर वाचतो, त्याच्यामागे एका तरुणाने रात्री झोप न येता काढलेले आठवडे आहेत.

त्याच कंपनीत फेसबुकसाठी मजकूर तपासणारे लोक होते. दक्षिण आफ्रिकेचा डॅनियल मोताउंग तिथे नोकरीला आला, पहिल्या दिवसांत त्याला एका माणसाचा शिरच्छेद होताना पाहावा लागला, त्याने संघटना बांधायचा प्रयत्न केला आणि त्याची नोकरी गेली. मे २०२२ मध्ये त्याने फेसबुकच्या मालक कंपनीवर, मेटावर, नैरोबीत खटला भरला. पुढच्या वर्षी कामावरून काढलेल्या जवळपास दोनशे जणांनीही भरला. १ मे २०२३ रोजी, कामगारदिनी, नैरोबीत दीडशेहून अधिक कामगारांनी आफ्रिकेतल्या मजकूर तपासणाऱ्यांची संघटना स्थापायचा ठराव केला. मेटाचा बचाव असा की हे आमचे नोकरच नाहीत आणि केनियाच्या कोर्टाला आमच्यावर अधिकार नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो अमान्य केला. त्या डिसेंबरमध्ये केनियाट्टा राष्ट्रीय रुग्णालयाच्या मनोविकारतज्ज्ञांनी कोर्टात दिलेल्या अहवालांनुसार १४० हून अधिक तपासनिसांना मानसिक आघाताचा तीव्र विकार जडलेला आढळला.

गिरणगावात वाढलेल्या कोणालाही या खटल्यातला डाव लगेच उमगेल. कंत्राटदार मध्ये घालायचा, आणि जबाबदारी विचारायला आलेल्याला त्याचं दार दाखवायचं. नैरोबीच्या कोर्टाने कंत्राटदाराच्या मागे उभ्या असलेल्या मालकाला पुढे बोलावलं.

आणि फेसबुकवरचा तपासायचा तो मजकूर कोणाबद्दल होता? इथिओपियातल्या बाहिर दार विद्यापीठात मेअरेग अमारे हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते, वंशाने टिग्रे. टिग्रेमधलं युद्ध चालू असताना, ऑक्टोबर २०२१ मध्ये, फेसबुकवर त्यांचा फोटो, नाव आणि कामाचं ठिकाण टाकून त्यांच्यावर खोटे आरोप केले गेले. त्यांचा मुलगा अब्रहाम याने तक्रारी केल्या. ३ नोव्हेंबरला प्राध्यापकांना घराबाहेर गोळ्या घालण्यात आल्या. फेसबुकचं उत्तर, की त्यातली एक पोस्ट नियमांत बसत नाही, खुनानंतर आठ दिवसांनी आलं. भडक मजकूर वर चढवायचा हे फेसबुकची गणितं ठरवतात, आणि त्या गणितांवर नजर ठेवणारी माणसं नैरोबीत अपुऱ्या संख्येने, अपुऱ्या पगारावर बसलेली होती.

अब्रहामने डिसेंबर २०२२ मध्ये नैरोबीत अर्ज केला. हिंसेला बळी पडलेल्यांसाठी अब्जावधी डॉलरचा निधी, आफ्रिकेतल्या भाषा समजणारे पुरेसे तपासनीस, द्वेषाला वर चढवणाऱ्या गणितात बदल, आणि वडिलांच्या मृत्यूबद्दल माफी, अशा त्याच्या मागण्या आहेत. एप्रिल २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने हा खटला केनियात चालू शकतो असं ठरवलं. अर्जदारांत अब्रहामसोबत मानवी हक्कांचं काम करणारा आणखी एक इथिओपियन आहे, आणि तिसरं नाव कातिबा इन्स्टिट्यूटचं आहे.